पोतं आणि बारबेल, हिशोब एकाच वहीत

तब्येत हेसुद्धा दुकानाचं भांडवल आहे, हे आपण व्हिडिओत बोललो. पण अनेकांची अडचण अशी असते: जिम सुरू केली की तीन आठवड्यांत कंबर नाहीतर खांदा धरतो. मग महिनाभर बंद. पुन्हा सुरू, पुन्हा तेच.

आधी एक उदाहरण बघा. सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पानाची टपरी, तोही तिथे हातभार लावायचा. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने एकूण 248 किलो वजन उचललं. 139 किलोच्या प्रयत्नात कोपराला दुखापत झाली, तरी तो शेवटच्या प्रयत्नाला उतरला. वजन गेलं नाही. सुवर्ण फक्त 1 किलोने हुकलं, रौप्य मिळालं. पदक समोर असताना असा धोका घेणं समजू शकतं. आपल्याला मात्र उद्या सकाळी शटर उघडायचंय.

मग प्लॅन कसा बदलायचा?

1. दुकानातलं वजनही मोजा. युरियाची गोणी 45 किलोची. केदारखेड्यात जूनमध्ये गाडी आली आणि तुम्ही 40 गोण्या उतरवल्या, तर झाले 1,800 किलो. जिममध्ये 60 किलोचे 5 सेट, प्रत्येकी 5 वेळा, म्हणजे 1,500 किलो. दोन्ही एकाच दिवशी केलं तर कंबर बोलणारच! गाडीच्या दिवशी जिमला सुट्टी.

2. दुखण्याची नोंद ठेवा. उधारीची वही ठेवता ना? तशीच ही. तारीख, काय उचललं, कुठे दुखलं, 10 पैकी किती. महिन्याभरात एकच व्यायाम वारंवार दिसला, तर गिऱ्हाईक सापडलं समजा.

3. एका वेळी एकच बदल करा. आधी वजन निम्मं करा. तरी दुखलं तर तो व्यायाम बदला. जमिनीवरून बार उचलताना त्रास होत असेल, तर बार गुडघ्याच्या उंचीवर ठेवून उचला. सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला, ते कळत नाही.

4. वाढ हळू ठेवा. दोन आठवडे बिनदुखीचे गेले की अडीच किलो वाढवा. सीझनमध्ये वाढ नाही, फक्त टिकवायचं. वाढवायचं ते सीझन उतरल्यावर.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, हातापायातली ताकद कमी वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

एखादा माल पडून राहिला म्हणून आपण दुकान बंद करत नाही, पुढची ऑर्डर बदलतो. शरीराचंही तसंच आहे.

या आठवड्याचं काम: सात दिवस दुकानात आणि जिममध्ये जे जे उचलाल, ते लिहून काढा. बेरीज करा. प्लॅन त्यानंतरच बदला.