रेल्वेचा पास आणि पर्यटक तिकीट

वर्गमित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

माझे बाबा बदलापूरहून ठाण्याला कामाला जातात. त्यांच्याकडे लोकलचा महिन्याचा पास आहे. गुरुजींनी त्याचे गणित फळ्यावर करून दाखवले. दुसऱ्या वर्गाच्या महिन्याच्या पासाला साधारण 15 एकेरी तिकिटांएवढे पैसे पडतात. बाबा महिन्यात 26 दिवस जातात. जाऊन-येऊन झाल्या 52 फेऱ्या. 52 मधून 15 वजा केले तर 37 फेऱ्या फुकटच की!

पण पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. हे आमच्या घरी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. दिवाळीत काका आला होता. रविवारी तो म्हणाला, "दादा, तू आज घरीच आहेस, तुझा पास दे. ठाण्याचा मासुंदा तलाव बघून येतो." बाबांनी दिला. टी.सी.ने ओळखपत्र मागितले, तर फोटो बाबांचा! पास जप्त झाला, दंड 250 रुपये, आणि भाडे वेगळे. त्या रात्री काका जेवलाच नाही. सोमवारी बाबांना नवा पास काढावा लागला. आईने शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे त्यात गेले.

मग गुरुजींनी आम्हाला पर्यटक तिकिटाची माहिती सांगितली. हे तिकीट 1, 3 किंवा 5 दिवसांचे मिळते. त्यावर मुंबईच्या मध्य, पश्चिम आणि हार्बर मार्गांवर लोकलने कितीही वेळा चढा-उतरा. साध्या तिकिटाचे तसे नाही, मधेच बाहेर पडलो की ते संपले. लहान मुलांना दर कमी असतो. मात्र एकाच ठिकाणी जाऊन परत यायचे असेल तर साधे रिटर्न तिकीटच स्वस्त पडते. म्हणून आधी कुठे कुठे उतरायचे ते कागदावर लिहावे आणि बेरीज करावी.

आजी म्हणाली, "मला बी न्या. जन्मात समुद्र नाही बघितला." म्हणून नाताळच्या सुट्टीतला बेत मी वहीत लिहिला आहे. सकाळी बदलापूर ते भायखळा, तिथे राणीची बाग. 2017 पासून तिथे पेंग्विन बघायला मिळतात. मग दादरला गाडी बदलून चर्नी रोड. तिथून चौपाटी अगदी जवळ. बागेचे तिकीट वेगळे काढावे लागते आणि बसचेही वेगळे. पर्यटक तिकीट फक्त लोकलला चालते. राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते, म्हणून मी गुरुवार धरला आहे.

परतताना अंबरनाथला उतरून वालधुनी नदीकाठचे शिवमंदिरही बघायचे होते. ते 1060 सालचे आहे, शिलाहार राजांच्या काळातले. पण आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ते दुसऱ्या दिवशी ठेवले.

काकालाही पत्र टाकले आहे. त्याचे तिकीट त्याच्याच नावाने काढू, असे बाबांनी खाली लिहिले.