नदीकांठचा अर्जुन : ओळख व लागवड

नदीनें जमीन खाल्ल्यास आकार कमी करण्याची तरतूद सन १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्यांत होती. पण ती निदान अर्धा एकर जमीन गेली तरच. शिवाय आकार कमी झाला तरी गेलेली माती कांहीं परत येत नाहीं. यास्तव कांठ मुळांनीं बांधून ठेवणें हाच खरा उपाय होय. उत्तर अमेरिकेंत नदीकांठीं पापुद्र्याच्या सालीचा भूर्जवृक्ष वाढतो. आपल्या देवनदीच्या कांठीं अर्जुन, म्हणजे अर्जुनसादडा, लावावा असें आम्ही सुचवितों.

ओळख.— अर्जुनाची साल गुळगुळीत व पांढुरकी असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. त्याचा भाऊबंद ऐन; त्याची साल काळसर व मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. केवळ पानावरून निवाडा करूं नये, कारण दोहोंच्याही पानांच्या बुडाशीं बारीक गांठी असतात. फळांस दोहोंकडेही पांच पंख. मात्र अर्जुनाच्या पंखांवरील रेषा वर वळलेल्या, तर ऐनाच्या सरळ आडव्या असतात.

लागवड.— फळें फेब्रुवारीपासून मेपर्यंत पिकतात. तीं वेचून उन्हांत वाळवावींत, दोन-तीन दिवस पाण्यांत भिजवावींत आणि वाफ्यांत पेरावींत. आठ-दहा दिवसांनीं कोंब येऊं लागतात. कांहींस महिना-दीड महिनाही लागतो. वर्षाचीं रोपें पुढील पावसाळ्यांत, जमीन चांगली भिजल्यावर, दीड फुटी खड्ड्यांत पंधरा फुटांच्या अंतरानें लावावींत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावें व कांट्यांचें कुंपण करावें.

सावधगिरी.— कांठ उभा तुटलेला असल्यास आधीं त्यास उतार द्यावा. झाड मोठें होईपर्यंत माती धरण्यासाठीं पायथ्याशीं वाळा लावावा. पात्रांत झाड लावूं नये. प्रवाह समोरच्या कांठावर वळून शेजाऱ्याची जमीन तुटते आणि तंटा उपस्थित होतो. सावली दाट पडते, म्हणून पिकालगत एकच रांग पुरे. अर्जुनास ओल हवी. तालुक्याच्या पूर्वभागांतील कोरड्या माळावर त्याऐवजीं निंब वा बाभूळ लावावी.

अर्जुनाचें लांकूड गाड्यांस व औतांस उपयोगी पडतें, पाला टसर किड्यांस चालतो व साल औषधी आहे. मात्र सालीसाठीं खोड सभोंवार सोलूं नये. तसें केल्यास झाड वाळतें आणि त्यामागोमाग कांठही ढांसळतो.