चंद्र एक, हत्ती आठ

प्रश्न : आजोबा आमच्यापुढे चंद्रकोरीची टिकली, चष्मा, पणती, बाण, लाकडी घोडा आणि मातीचा हत्ती ठेवतात आणि ‘क्रमाने लावा’ म्हणतात. उंची, वजन, अक्षरक्रम, सगळं करून पाहिलं. नियम काय असेल?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : तुम्ही लिहिलेला क्रमच बरोबर आहे! आजोबा तुम्हाला भूतसंख्या शिकवत आहेत. जुन्या ज्योतिष-गणिताच्या ग्रंथांत आकड्याऐवजी वस्तूचं नाव येई. चंद्र एक, डोळे दोन (म्हणून चष्मा), यज्ञातले अग्नी तीन, मदनाचे बाण पाच, सूर्याचे घोडे सात, दिशा सांभाळणारे हत्ती आठ. चार आणि सहाच्या जागा रिकाम्या आहेत. तिथे वेदांची पोथी आणि सहा रसांचं ताट मांडता येईल.

हे ग्रंथ पद्यात असत. एकाच आकड्याला अनेक शब्द मिळाले की वृत्तात बसेल तो निवडता येई. शिवाय नकलताना आकडा चुकला तर कळत नाही, शब्द चुकला तर वृत्त अडखळतं. तरी सावध राहावं लागतं : नग म्हणजे पर्वत, म्हणून सात; नाग मात्र आठ. एका कान्याचा फरक! समुद्र बहुधा चार, पण कुठे सातही. अशा वेळी संदर्भच वाट दाखवतो, आणि मला कोड्याची खरी गोडी तिथेच वाटते.

संख्या मोठी असली की एकक आधी येतो, म्हणजे वाचन उजवीकडून डावीकडे. भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण, मही असं सांगितलं : सहा, तीन, शून्य, एक. उलटं वाचा, शके 1036, म्हणजे इ. स. 1114. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आजही आहे.

आता तुमची पाळी. राम म्हणजे तीन, कारण परशुराम, दाशरथी राम आणि बलराम. गिरी म्हणजे सात. देवघरातल्या रामाच्या उजवीकडे एक दगड ठेवा आणि आजोबांना संख्या विचारा. त्र्याहत्तर म्हणाले, की गावाचं जुनं नाव विचारा.