आरशाची दिशा

आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर लावावा, पलंगासमोर लावू नये, नाहीतर घरातली ऊर्जा बिघडते, असे वास्तुशास्त्राची आजची पुस्तके सांगतात. मला अडते ते भिंतीपाशी. आमच्या पणजीच्या पिढीत खेड्यातल्या पुष्कळ घरांत भिंतीवर आरसा नव्हताच. तो फणेरपेटीच्या झाकणात असे. पेटी उघडायची, केस विंचरायचे, मेणावर कुंकू रेखायचे नि झाकण मिटायचे. अशा आरशाची दिशा कोणती म्हणावी?

जुने नियम निराळेच होते. रात्री आरशात पाहू नये, तडकलेला आरसा घरात ठेवू नये. यांतला दुसरा तरी सहज समजतो. काच हाताला लागते. (१८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने काचेवर चांदी चढविण्याची रीत काढली, त्यापूर्वी कथील आणि पारा लावीत. आपण मात्र अजूनही 'पारा उडाला' असेच म्हणतो!)

सर्वांत कडक नियम याहून वेगळा होता. नवरा वारला की बाईचे कुंकू पुसले जाई आणि त्याबरोबर फणेरपेटीही तिच्या हातून सुटे. आरशात कोणी पाहावे, हे घर ठरवीत असे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव कुंकवाचा आहे. पण कुंकू रेखायचे म्हणजे पेटीचे झाकण उघडावेच लागते.