पाचवे शील आणि कॉलेजात जाणारी मुले



गेल्या वर्षावासात पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर आमचा धम्मवर्ग होता. पंचशीलाचा पाठ संपला आणि मागे बसलेल्या एका आईने विचारले, "दादा, माझा पोरगा जूनपासून एस.टी.ने महाडला कॉलेजात जातो. परवा मला म्हणाला, 'आई, मी पीत नाही, पण पोरांबरोबर बसतो. एकदा ग्लास हातात धरला, ओठाला लावला नाही. माझे शील मोडले का?' मी काय सांगू त्याला?"

मी घाईने म्हणालो, "मोडले नाही, पण बसू नकोस म्हणावे." परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आले की प्रश्न खोल होता आणि माझे उत्तर वरवरचे. तेव्हा आजचा पाठ त्या प्रश्नावर.

प्रथम शब्द पाहू. पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द येतात. सुरा म्हणजे धान्या-पिठापासून केलेली दारू. मेरय म्हणजे फळे, फुले, गूळ यांपासून आंबवलेली. आणि मज्ज म्हणजे मद आणणारे काहीही. कित्येक तरुण म्हणतात, "शीलात दारू आहे, गांजा कुठे आहे? गोळी कुठे आहे?" त्यांना हा तिसरा शब्द दाखवावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञाही याच शीलाची आहे. याच्या पुढे शीलात 'पमादट्ठान' हा शब्द येतो. ठान म्हणजे स्थान, आधार. ज्याच्या आधाराने बेसावधपणा उभा राहतो, ते. शील बाटलीपुरते नाही, ते या बेसावधपणापासून दूर राहण्याचे आहे. आपल्या बोलीत 'बसणे' या शब्दाला जो दुसरा अर्थ चिकटला आहे तो त्या आईला ठाऊक होता, म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता.

आता विनयपिटकातली एक कथा सांगतो. ती फारशी सांगितली जात नाही. सागत नावाचे एक भिक्खू होते. अंबतीर्थ येथे एका जटिलाच्या आश्रमातल्या विषारी नागाला त्यांनी नमवले, अशी त्यांची ख्याती झाली. (नागाचा भाग शब्दशः घ्यावा असा माझा आग्रह नाही. मोठे काम केलेला माणूस, एवढे ध्यानात घ्यावे.) पुढे ते कोसंबीला आले. गावच्या उपासकांना त्यांचे कौतुक करायचे होते. भिक्खूंना दुर्मिळ आणि आवडेल असे काय द्यावे, असे त्यांनी विचारले, तेव्हा संघातल्याच सहा उनाड भिक्खूंच्या टोळीने एका स्वच्छ, चांगल्या दारूचे नाव सुचवले. दुसऱ्या दिवशी सागत भिक्षेला निघाले. प्रत्येक घरी प्रेमाने प्याला पुढे आला आणि त्यांनी तो घेतला. नगराच्या वेशीशी ते कोसळले. तथागतांनी त्यांना उचलून विहारात आणविले आणि आपल्याकडे डोके करून निजविले. सागत कुशीवर वळले आणि तथागतांकडे पाय करून झोपले. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना विचारले की हा पूर्वी माझा आदर राखीत असे ना, आणि ज्याने नागाला नमवले तो आज पाण्यातल्या साध्या सापाला तरी नमवू शकेल काय? यानंतर भिक्खूंसाठी मद्यपानाविरुद्ध नियम घालण्यात आला.

या कथेत शत्रू कोणीच नाही. प्याला देणारे सगळे त्यांच्यावर प्रेम करणारे. सुचवणारे आपल्यातलेच. प्रत्येक घराने एकच प्याला दिला, आणि सगळ्या घरांचे मिळून किती झाले याचा हिशेब कोणीच केला नाही. आपल्या मुलांना आपण सांगतो की वाईट माणसांपासून सांभाळून राहा. पण ग्लास पुढे करणारा वाईट माणूस नसतो. तो खोलीतला सोबती असतो, नोट्स देणारा मित्र असतो, परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे उसने देणारा असतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी अशा सोबत्याला 'पानसखा' म्हटले आहे. तो पिण्याच्या वेळेपुरता सखा असतो. मात्र हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. अडचणीच्या दिवशीच कळते.

आणि आपल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती बोलायला अवघड आहे, पण बोलली पाहिजे. त्याच्या पणजोबाच्या स्पर्शाने महाडात तळे बाटत होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ घेतली, आणि त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडले. आज त्याच महाडात बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय आहे, थोडे पुढे लोणेऱ्याला त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. अशा गावात एखाद्या संध्याकाळी वरच्या म्हणवणाऱ्या जातीचा वर्गमित्र आपल्या मुलापुढे स्वतःचा उष्टा ग्लास करतो. मुलाला वाटते, हीच समता. नाही म्हणालो तर आपणच वेगळे पडलो. हा मोह दारूचा नाही, बरोबरीचा आहे, आणि म्हणून तो दारूपेक्षा जड आहे. नुसते 'पिऊ नकोस' म्हणून तो सुटत नाही. मुलाशी बसून बोलावे लागते. त्याला विचारावे की तोच मित्र सकाळी शुद्धीवर असताना तुला आपल्या घरी जेवायला नेतो का? नेत असेल तर तो खरा मित्र, आणि त्याला तुझा नकार चालेल. नेत नसेल, तर रात्रीच्या त्या ग्लासात समता नव्हती. तळ्यावर आपण शुद्धीत गेलो होतो आणि पाणी प्यालो होतो.

आता बाहेरची परिस्थिती. आमच्या पिढीला भीती होती ती हातभट्टीची. आज माल निराळा आहे. एम.डी. म्हणजे मेफेड्रोन, ज्याला मुले म्याव म्याव म्हणतात, ते २०१५ साली अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ एका कारखान्यात त्याचा मोठा साठा पकडला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पकडला गेला. २०२३ च्या पावसाळ्यात श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला चरसची पाकिटे लागली. २०२५ च्या जुलैत तर महाडच्या औद्योगिक वसाहतीतही छापा पडला. तिथे सापडलेले केटामाइन हे मुळात शस्त्रक्रियेत भूल देण्याचे औषध. म्हणजे हे विष मुंबई-पुण्याचे आणि आपण डोंगरातले, असे समजण्यात अर्थ नाही. शिवाय बारावीनंतर आपली मुले पनवेलला, पुण्याला जातातच, आणि पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमध्ये २०२४ च्या जूनमध्ये काय चालले होते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दारूच्या बाबतीत कायदा असा की महाराष्ट्रात पंचवीस वर्षांखालच्याला कडक दारू देता येत नाही, बिअर एकवीस वर्षांखाली नाही. कॉलेजातली बहुतेक मुले या वयाच्या खालीच असतात.

पण कायदा आणि कारखाने यांच्याकडे बोट दाखवण्याआधी घरात पाहू. हळदीच्या रात्री आपल्या वस्तीत काय होते? विवाह बौद्ध पद्धतीने, त्रिशरण-पंचशील घेऊन, आणि आदल्या रात्री मांडवामागे 'पाहुण्यांची सोय'. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे बाबासाहेबांची प्रतिमा आणि मागे झिंगलेले चार तरुण. पोर हे सगळे पाहत असते. शील हे भन्तेजींसमोर म्हणण्याचे असते आणि मांडवामागे विसरण्याचे असते, हे त्याला आपणच शिकवतो. मग महाडला किंवा पुण्याला जाऊन तो काही नवे करीत नाही. जुने मेजवानीचे वळणच गिरवतो. नवदीक्षित कुटुंबांना मी हे जास्त आग्रहाने सांगतो. जुन्या देवांच्या तसबिरी उतरवणे एका दिवसाचे काम आहे. 'सोय' बंद करायला मात्र मामा-काकांचा रुसवा सोसावा लागतो.

आणि मूल आधीच त्यात सापडले असेल तर? मारझोड करू नये, खोलीत कोंडू नये, नातेवाइकांपासून लपवण्यासाठी लग्न लावून देऊ नये. हा शेवटचा उपाय किती मुलींच्या वाट्याला आला आहे! व्यसन हा आजार आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. गर्दने पुण्या-मुंबईची मुले पोखरली त्या काळात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. त्या केंद्रात आजही उपचार होतात. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा फोन १४४४६ आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात दडवणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतः होऊन मान्य संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून सवलत मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सवलत जाऊ शकते.

सागत कोसळले तेव्हा तथागतांनी त्यांना वेशीवर पडू दिले नाही, हेही कथेतच आहे. आधी उचलून आणले. प्रश्न नंतर विचारले.

त्या आईला पुढच्या वर्गात मी माझे उत्तर दुरुस्त करून सांगितले. शील मोडले नाही, पण मुलाने तुम्हाला येऊन विचारले ही फार मोठी गोष्ट आहे. त्याला रागावलात तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही. ती म्हणाली, "रागावले नाही. पण त्याच्या बापाला सांगितलंय, यंदा पुतण्याच्या हळदीला आपल्या घरातून एक रुपया द्यायचा नाही." बाप वर्गातच, खांबाला टेकून बसला होता. तो काही बोलला नाही.