दूरच्या शेजाऱ्याचा न्याय

वाचकहो, परक्या राज्यांत लोकांवर जुलूम होत असतां दुसऱ्या सरकारानें मध्यें पडावें काय, आणि पडल्यानें कांहीं साधतें काय? या पाठांत आम्ही कांगो देशाचें उदाहरण घेतों.

इ. स. १८८५ मध्यें बर्लिनच्या करारानें युरोपीय राष्ट्रांनीं आफ्रिकेंतील मूळ रहिवाशांच्या हिताची काळजी घेण्याचें वचन दिलें. त्याच वर्षीं बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड कांगोचा खाजगी धनी झाला. रबराची मागणी वाढली, तेव्हां त्याच्या अंमलदारांनीं गांवोगांव रबराचा भरणा बसविला. भरणा कमी पडला कीं बायका ओलीस धरीत, चाबूक मारीत, गांवें जाळीत. शिपायांस काडतुसांचा हिशेब द्यावा लागे, म्हणून ते माणसांचे हात तोडून आणीत.

हें जगास कळलें कसें? मिशनरी लोकांनीं पत्रें लिहिलीं. अ‍ॅलिस हॅरिस बाईंनीं छायाचित्रें घेतलीं. मोरेल नांवाच्या जहाज कंपनीच्या कारकुनास दिसलें, कीं जहाजें रबर व हस्तिदंत घेऊन येतात, पण जातांना बहुतेक बंदुका व दारूगोळाच नेतात. मग मजुरांस मोल मिळतें कोठें?

१९०३ च्या मे महिन्यांत ब्रिटिश पार्लमेंटानें ठराव केला. कॉन्सल, म्हणजे परमुलखांतील सरकारी प्रतिनिधि, रॉजर केसमेंट यांनीं नदीवरील गांवें फिरून साक्षी लिहून घेतल्या. १९०४ सालीं अहवाल छापला गेला. १९०८ सालीं राजास कांगो बेल्जमच्या सरकाराकडे सोंपवावा लागला. तरी ब्रिटननें १९१३ पर्यंत या नव्या सत्तेस मान्यता दिली नाहीं. आधीं सुधारणा दिसावी, हा हेतु.

यांतून तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. साक्ष नेमकी असावी. दिलेल्या वचनाची आठवण करून द्यावी. आणि तलवारीवांचूनही, मान्यता रोखून, सरकारास दाब आणितां येतो.

परंतु विजय अपुरा होता. सक्तीची मजुरी व चाबूक बेल्जमच्या अमलांतही पुष्कळ वर्षें राहिले. शिवाय ज्या सरकारानें केसमेंटांचा अहवाल छापला, त्यानेंच आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीं झटल्यामुळें त्यांस १९१६ सालीं फांशी दिलें. परक्याचा अन्याय दिसतो, घरचा दिसत नाहीं. म्हणून बोलणाऱ्याचें अंगण मळलेलें असल्यास त्याचें वजन घटतें. तथापि तेवढ्यावरून त्यानें मुकें राहावें, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचा हात तुटला, त्यास बोलणाऱ्याची शुद्धता पाहत बसण्यास सवड नसते.

सभेंत विचारण्यासाठीं प्रश्न: १. मोरेलनें कोणत्या खुणेवरून अन्याय ओळखिला? २. आपल्या गांवीं बिनमोल राबविलेल्यांची साक्ष कोण लिहून घेतो?