एका संगणकावर दोन बुद्धिबळपटू

देवगाव फाट्यावर उभ्या राहिलेल्या प्रवाशास प्रथम वाट निवडावी लागते. बुद्धिबळाच्या पटावर असे फाटे पावलोपावलीं फुटतात. पांढऱ्याच्या पहिल्या खेळीस २० वाटा, काळ्याच्या उत्तरासही तितक्याच. दोघांच्या दोन दोन खेळ्या होतांच वाटांची संख्या १,९७,२८१ वर जाते. बुद्धिबळ खेळणारी संगणकाची आज्ञावली याच वाटा चाचपून उत्तम ती निवडते. तिला वेळ अधिक मिळाला, तर ती अधिक दूरवर पाहते.

अशा दोन आज्ञावलींचा सामना आम्हीं एकाच संगणकावर लावला. एक आमच्या विद्यार्थ्यानें स्वतः रचलेली होती. दहा डावांत ती सात-तीन अशी हरली व आम्हीं निकाल सांगून टाकला. मागाहून दिसलें कीं, प्रतिपक्षास दुसऱ्याच्या वेळांतही विचार करण्याची मुभा राहिली होती. विद्यार्थ्याच्या आज्ञावलीच्या तोंडचा घास ती पळवीत होती! निकाल आम्हीं मागें घेतला.

तेव्हां पहिला नियम हा कीं, ही मुभा दोघींसही बंद असावी. दुसरा, घड्याळ दोघींस सारखें लावावें. ‘अमुक खेळ्या पुढें पाहा’ अशी मर्यादा घालूं नये, कारण खोली मोजण्याची प्रत्येकीची रीत निराळी असते. तिसरा, मेमरी समान द्यावी व दोघींची मिळून ती संगणकाच्या शक्तीबाहेर जाऊं नये. चौथा, पहिली खेळी करणाऱ्या पांढऱ्यास थोडा लाभ असतो. म्हणून प्रत्येक प्रारंभ रंग बदलून दोनदां खेळवावा. सामना चालूं असतां संगणकास दुसरें काम सांगूं नये.

मोठ्यांनाही या गोष्टी सुटत नाहींत. डिसेंबर २०१७ मध्यें अल्फाझिरोनें स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांपैकीं २८ जिंकले, ७२ बरोबरींत सोडविले. परंतु स्टॉकफिशला अवघी १ गिगाबाइट मेमरी व प्रत्येक खेळीस ठराविक एक मिनिट दिलें होतें. त्यावर जाणत्यांनीं आक्षेप घेतला. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या १,००० डावांच्या सामन्यांत या अटी सुधारल्या. त्यांत अल्फाझिरोनें १५५ डाव जिंकले व ६ गमावले. यंत्रें मात्र दोघांचीं निराळींच होतीं. एकाच संगणकावर सामना लावला, म्हणजे निदान ही शंका उरत नाहीं.

राहिली डावांची संख्या. नाणें दहा वेळां उडवा; तेंच दहा वेळां उडविणें पुनःपुन्हां करा. दर तीन खेपांपैकीं सुमारें एकींत कोणती तरी एक बाजू सात किंवा अधिक वेळां पडेल. मग दहा डावांतील सात-तीन हा निकाल श्रेष्ठत्वाचा पुरावा कसा ठरावा? शंभर वेळां नाणें उडवून एकच बाजू सत्तर किंवा अधिक वेळां पडणें मात्र दहा हजार खेपांत सरासरीनें एकदांहूनही कमी वेळां घडेल.

खोट्या तराजूचा निषेध आपण नीतिसूत्रांत वाचतों. आमचा तराजू खोटा होता, आणि तो खोटा आहे हें आम्हांस ठाऊकही नव्हतें. कोणास ‘हरला’ म्हणण्यापूर्वीं पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं आधीं आपलें माप तपासावें.